घरात दिसणारी स्क्रीन बाहेरून का दिसत नाही

आपण लिहिले आहे की सहकारनगरला वडिलांच्या घरी रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक बसवला आहे, घरच्या वाय-फायवर व्हीएनसीने (दुसऱ्या संगणकाची स्क्रीन दुरून पाहण्याच्या पद्धतीने) त्याची स्क्रीन व्यवस्थित दिसते, पण हिंजवडीहून काही केल्या जोडणी होत नाही, तेव्हा व्हीएनसी सोडून एक्सआरडीपी ही तशीच दुसरी पद्धत घ्यावी का. नेमक्या याच ठिकाणी मी बराच काळ अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. मी नेटवर्कच्या व्यवसायातला नाही. जे सांगतो ते अनुभवापुरते.

एक्सआरडीपीने हा प्रश्न सुटणार नाही. घरात चालते आणि बाहेरून चालत नाही, तेव्हा दोष पद्धतीत नसून वाटेत आहे. राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'वॅन' (बाहेरचे जाळे) या नावाखाली दिसणारा पत्ता आधी पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर आपले कनेक्शन सीजीनॅटमागे आहे, म्हणजे कंपनीने एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. मग आपल्या राउटरवर ५९०० क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे व्हीएनसीचे दार, उघडून काहीही साधत नाही, कारण बाहेरून आलेली विनंती कंपनीच्याच यंत्रणेत अडते.

एवढी साधी गोष्ट मला माझ्या इंटरनेट कंपनीच्या कार्यालयाने (नाव घेत नाही) शेवटपर्यंत सांगितली नाही. फोन केला की राउटर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगत. समक्ष गेलो की "आमच्याकडून सगळी पोर्ट खुली आहेत" हे ठरलेले उत्तर. अखेर त्यांनीच सुचवले म्हणून जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी घेतला, तर राउटरवर पहिला आकडा १० असलेला, म्हणजे बाहेरून पोहोचता न येणारा खाजगी पत्ता आला. त्याबद्दल विचारले तेव्हा खिडकीवरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "पत्ता बदलत नाही ना? मग स्टॅटिकच झाला की." भरलेले पैसे परत मिळाले नाहीत, हे वेगळे सांगायला नको. आपण त्या वाटेने जाणारच असाल, तर पत्ता स्थिर आणि सार्वजनिक असा दोन्ही आहे, हे पैसे भरण्यापूर्वी ईमेलवर लिहून घ्यावे.

तरीही माझे स्पष्ट मत असे की सार्वजनिक पत्ता मिळाला तरी व्हीएनसीचे पोर्ट उघड्यावर ठेवू नये. त्याच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठ अक्षरेच धरली जातात. त्यापेक्षा दोन्हीकडे टेलस्केल (आपल्या यंत्रांना इंटरनेटवरून खाजगी जाळ्यात जोडणारी सेवा) बसवावे आणि व्हीएनसी त्यातून वापरावे. सीजीनॅट असले तरी ते चालते. टेलस्केलही पत्ते त्याच १०० च्या पट्ट्यातले देते, म्हणून तपासताना राउटरच्या पानावरचाच पत्ता प्रमाण मानावा. वेगळे काही बसवायचे नसेल, तर मे २०२४ मध्ये आलेले रास्पबेरी पाय कनेक्ट ब्राउझरमधूनच स्क्रीन दाखवते. त्यासाठी मात्र वेलँडवरचा (स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या यंत्रणेवरचा) डेस्कटॉप लागतो.

एक्सआरडीपी वाईट नाही, पण ते आपल्यासाठी वेगळे सत्र उघडते. वडिलांना त्यांच्यासमोरच्या स्क्रीनवर काही दाखवायचे असेल, तर त्याचा उपयोग नाही, आणि त्याच नावाने ते आधीच लॉगिन असतील तर पुष्कळदा नुसती काळी स्क्रीन येते. पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ऑक्टोबर २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून पाय ४ वर वेलँड आले आणि रिअलव्हीएनसीच्या सर्व्हरची जागा वेव्हीएनसी या दुसऱ्या व्हीएनसी सर्व्हरने घेतली, त्यामुळे त्याआधीचे मार्गदर्शन वाचून केलेल्या खटपटी बहुधा वाया जातात. स्क्रीन पाहण्यासाठी मी टायगरव्हीएनसीचा व्ह्यूअर वापरतो. मॉनिटर जोडलेला नसेल आणि स्क्रीन अगदी लहान दिसत असेल, तर रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या साधनात व्हीएनसीचे रिझोल्यूशन ठरवता येते.

एसएसएच (दुरून आदेश टंकून यंत्र चालवण्याची सोय) चालू ठेवाच. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाऊन आल्यावर पाय आपोआप सुरू होतो, पण डेस्कटॉप अडला तर तो दुरून पुन्हा सुरू करायला तीच वाट उरते. शिवाय टेलस्केलच्या किल्लीची (यंत्राची ओळख पटवणाऱ्या सांकेतिक खुणेची) मुदत मुळात १८० दिवसांची असते. त्यांच्या व्यवस्थापन पानावर त्या यंत्रापुरती ती मुदत बंद करावी, नाहीतर सहा महिन्यांनी जोडणी तुटेल आणि वडिलांकडून फोनवर आदेश टंकवून घ्यावे लागतील.