क्रायोने कोलेस्टेरॉल उतरतं का?

अरे भावा, क्रायोच्या अतिथंड खोलीत उणे ११० डिग्रीत २-३ मिनिटं उभं राहिलं की एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) धडाधड उतरतं असं जिमवाले सांगतात ना, ते अर्धवट आहे. पोलंडमध्ये यावर बरंच काम झालंय, तिथे एलडीएल खाली आलेलं दिसलं ते २० सेशननंतर, ५ मध्ये काही नाही, आणि माणसंही मोजकीच होती. टेस्ट करायचीच तर आधी-नंतर एकाच लॅबमध्ये, उपाशीपोटी, आणि आदल्या दिवशी लाँग रन नको, नाहीतर ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) रनमुळे उतरणार आणि श्रेय क्रायो खाणार. मोजे मात्र कोरडे घाल बाबा, २०११ मध्ये अमेरिकन धावपटू जस्टिन गॅटलिन ओल्या मोज्यांनी आत गेला आणि ऐन वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या तोंडावर पायांना फ्रॉस्टबाइट, म्हणजे थंडीने कातडी गोठून इजा! बीपी असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊच नको.