गाडी दीड महिनाच चालते, मग विमा वर्षभराचा का?

बाबांची २०१७ ची बाराशे सीसीची गाडी नाशिकला इंदिरानगरात बिल्डिंगखाली उभी. बाबा आता चालवत नाहीत, तू दिवाळीत लंडनहून आलास की दीड महिना काय ती फिरते. तेवढ्यापुरताच विमा काढता येईल का, असं तू विचारलंयस. माझं मत विचारशील तर वर्षाचाच काढ.

तुझा गोंधळ तिकडच्या पद्धतीमुळे झालाय. तिकडे गाडी चालवणाऱ्याच्या नावाने विमा असतो, त्यामुळे मित्राची गाडी तीन दिवस घ्यायची तर तीन दिवसांचा विमा घेतात. आपल्याकडे पॉलिसी गाडीची. ती चालू असेल आणि बाबांच्या संमतीने वैध लायसन्सवाला कोणीही चालवत असेल, मग तू असो वा तुझा मेहुणा, पॉलिसी लागू होते. तुझ्या इथल्या लायसन्सची तारीख मात्र आजच बघ. पॉलिसी असूनही क्लेम तिथे अडकू शकतो.

थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, तो तर सक्तीचाच. तो नसताना पहिल्यांदा सापडलास तर २००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तुझ्या गाडीच्या गटाला, म्हणजे १००० ते १५०० सीसीला, जून २०२२ च्या दरपत्रकात वर्षाचे ३४१६ रुपये आहेत, वर जीएसटी. दर सरकारी, त्यामुळे घासाघीस नाही. 'नोव्हेंबरात घेतो, जानेवारीत रद्द करतो' ही युक्तीही चालत नाही, कारण गाडीला दुसरीकडे विमा असल्याशिवाय कंपनी तो रद्द करत नाही.

खरा हिशेब आहे नो क्लेम बोनसचा. स्वतःच्या नुकसानीच्या, म्हणजे ओन डॅमेजच्या हप्त्यात पहिल्या बिनक्लेम वर्षानंतर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षांनी ५०. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही की सगळी सूट शून्यावर. समज, तुझा ओन डॅमेजचा हप्ता ८००० आहे. ५० टक्क्यांवर तो ४००० होतो. एकदा बोनस गेला की पुढच्या वर्षी ४००० जादा, जीएसटी धरून ४७२०. पुन्हा ५० ला पोहोचायला पाच वर्षं. दर वर्षी दहा महिने खंड पाडणाऱ्याला ही सूट कधीच मिळत नाही, शिवाय दर वेळी गाडीचं इन्स्पेक्शन.

आता उभ्या गाडीला कसला धोका, असं तुला वाटत असेल. मलाही वाटायचं. ऑगस्ट २०१९ मध्ये माझी गाडी सराफ बाजारामागच्या गल्लीत, चुलतभावाच्या दारात होती. पॉलिसी संपून अकरा दिवस झाले होते. गाडी वापरात नाही, भरू सावकाश, असं म्हणत होतो. गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती पाण्यात गेला की नाशिककर पूर बघायला निघतात. मी गाडी बघायला निघालो. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर सीटवर बोटभर गाळ आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये आरसीचा लगदा. एवढी एकच अक्कल सुचली की चावी फिरवली नाही, टो करून नेली. शेजाऱ्याने फिरवली आणि त्याचं इंजिन बसलं. माझं बिल एक्केचाळीस हजार, सगळं खिशातून. इंदिरानगरला पूर येत नाही, मान्य. पण चोरी, आग, वादळात अंगावर पडलेलं झाड, यांना गाडी चालू असायची गरज नसते.

पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचव. जुलै २०२२ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने 'पे ॲज यू ड्राइव्ह'ला परवानगी दिली. वर्षाचे किलोमीटर आधी सांगायचे, त्यावर ओन डॅमेजचा हप्ता कमी होतो आणि विमा वर्षभर राहतो. दीड महिन्यात त्र्यंबक, वणी, एक शिर्डी धरलं तरी तू सगळ्यात खालच्या स्लॅबमध्ये बसशील. पूर्ण मर्यादा वापरून झाली तर काय, हे मात्र एजंटकडून लेखी घे. गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, लाखाच्या आसपास आली की नुसता थर्ड पार्टी ठेवलास तरी मी अडवणार नाही.

सहा आठवड्यांसाठी गाडी भाड्याने घेणंही परवडेल, पण बाबांना ती दारात उभी दिसायला हवी असते, त्यावर कोण बोलणार.

जुनी पॉलिसी नक्की कोणत्या तारखेला संपली ते कळव. ९० दिवस उलटले नसतील तर दिवाळीची वाट बघू नकोस, बाबांकडून फोटो मागवून याच आठवड्यात भरून टाक.