'किकिंग अँड स्क्रीमिंग' पाहून मुलांच्या सॉकर टीमचं कोचिंग करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहता, नऊ वर्षांच्या मुलाच्या अंडर-टेन टीमला कोच मिळेना म्हणून तुम्ही हात वर केलात, स्वतः कधी खेळलेला नाहीत, आणि नुकताच घरच्यांबरोबर विल फेरेलचा हा 2005 चा चित्रपट बघितलात. त्यातलं काय घ्यावं?

खेळता येत नाही याचं दडपण आधी काढून टाका. त्या चित्रपटात मदतनीस म्हणून येणारा माइक डिट्का हा शिकागो बेअर्सचा माजी कोच, म्हणजे अमेरिकन फुटबॉल या अंडाकृती बॉलच्या खेळातला माणूस. नऊ वर्षांच्या बारा पोरांपुढे उभं राहायला खेळाच्या ज्ञानापेक्षा आधी हिशेब नीट लागतो.

चित्रपटातला घेण्यासारखा धडा सुरुवातीलाच आहे: कुठल्याही मुलाला नुसतं बसवून ठेवू नका. कोच असलेले आजोबा (रॉबर्ट ड्युव्हॉल) स्वतःच्या नातवाला बाकावर बसवून ठेवतात आणि मग तळाच्या टीमला देऊन टाकतात. सगळं रामायण तिथून सुरू होतं. सोडून द्यायची गोष्ट म्हणजे दोन इटालियन मुलं आल्यावरचा डावपेच: बॉल मिळाला की त्यांना द्या आणि बाजूला व्हा. पडद्यावर हसू येतं, पण नवे पालक-कोच दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नेमकं हेच करू लागतात, कारण टीममध्ये एक-दोघं तयार मुलं असतातच. सामने जिंकताही येतात. बाकीच्या दहा जणांच्या पायाला मात्र बॉल लागत नाही.

यावरचा उपाय कागदावर आहे. अंडर-टेनला सात-सात जण खेळतात, 25 मिनिटांचे दोन हाफ. प्रत्येक हाफ मधोमध तोडला की सामन्याचे चार तुकडे होतात. चार गुणिले सात म्हणजे 28 जागा. मुलं बारा असतील तर आठ जणांना दोन-दोन तुकडे आणि चौघांना तीन-तीन. पुढच्या सामन्यात तीन तुकडे दुसऱ्या चौघांना. तीन सामन्यांत सगळ्यांची पाळी येते आणि कोणीही अर्ध्या वेळेपेक्षा जास्त बसत नाही. 'एव्हरीवन प्लेज' म्हणणाऱ्या एवायएसओ (अमेरिकन युथ सॉकर ऑर्गनायझेशन) संस्थेच्या लीगमध्ये निम्मा सामना खेळवणं हा नियमच आहे. तक्ता आदल्या रात्री लिहून ठेवा. मैदानात ऐन वेळी ठरवायला गेलात की मनातली भीती ठरवते, आणि ती नेहमी त्या दोघांनाच आत ठेवते. गोलकीपरही दर तुकड्याला बदला.

चित्रपट आला तेव्हा नसलेले काही नियम आता आहेत. दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, बंद आहे, सरावातसुद्धा. सामन्यात मुद्दाम हेड मारला तर समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल करता येत नाही) मिळते. मैदानावर 'बिल्ड-आउट लाइन' असते. आपल्या गोलकीपरच्या हातात बॉल आला किंवा आपली गोल किक (समोरच्यांनी आपल्या गोलरेषेबाहेर घालवलेला बॉल गोलपुढून परत खेळात आणणं) असली की समोरच्या टीमने त्या रेषेमागे जायचं, आणि गोलकीपरने बॉल हातातून सोडून लांब लाथाडायचा नाही. ही सवलत फुकट घालवू नका. दोन बचावपटू दोन्ही कडांना उभे करा आणि बॉल त्यांच्याकडे सरपटत द्यायला लावा. पहिल्या दोन-तीन सामन्यांत यातून आपल्यावर एखाद-दुसरा गोल बसेल. बसू दे. तुमच्या लीगचं नियमपत्रक मात्र वाचा, थोडाफार फरक असतो. सेफस्पोर्ट (खेळात मुलांचा छळ होऊ नये यासाठीचं) आणि डोक्याच्या माराचं प्रशिक्षण ऑनलाइन आहे, ते सीझनआधीच उरका.

सराव तासाभराचा पुरे. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे रांग. बारा मुलं एका रांगेत, प्रत्येकाच्या शॉटला 20 सेकंद धरा: दर चार मिनिटांनी एक लाथ. पंधरा मिनिटांत चारसुद्धा नाहीत! त्यापेक्षा जे येतील त्यांना लगेच दोन-दोन, तीन-तीनच्या छोट्या सामन्यांत सोडा, सगळे येईपर्यंत थांबू नका. मग वीस मिनिटं एकच गोष्ट शिकवायची, आणि शेवटी पुन्हा सामना. शिकवायला पहिली गोष्ट पायाच्या आतल्या बाजूने पास: टेकलेला पाय बॉलशेजारी वीतभर अंतरावर, त्याचा चवडा जिकडे पास द्यायचा तिकडे, मारणाऱ्या पायाचा घोटा ताठ आणि बोटं वर. पास वाकडा गेला तर आधी टेकलेला पाय बघा, चूक बहुतेक तिथेच असते.

मुलं मधमाश्यांसारखी बॉलभोवती गोळा होतील. 'पसरा, पसरा' ओरडून कोणी पसरत नाही, कारण रिकाम्या जागेत जाऊन मिळणार काय, हे त्यांना दिसत नाही. साधारण 30 बाय 20 यार्डांचा चौकोन आखा (मोठ्या माणसाची एक लांब ढांग म्हणजे जवळपास यार्ड) आणि प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन छोटे गोल, दोन कोपऱ्यांत. एका गोलपुढे गर्दी झाली की दुसरा मोकळा असतो. कोणीतरी मान वर करून ते बघतं, बॉल वळवतं, गोल होतो. मग बाकीचेही बघायला लागतात.

सामन्यात बॉल ज्याच्या पायाशी आहे त्याला सूचना देऊ नका. 'पास दे', 'मार', 'मागे ये' हे तिन्ही एकदम ऐकलं की पोर जागीच थिजतं. बोलायचंच तर बॉल लांब असताना, नाव घेऊन, एक वाक्य. पालकांनाही सीझनच्या पहिल्या मेलमध्येच सांगून टाका: टाळ्या हव्या तेवढ्या, सूचना नकोत. आपल्या काही काकांना हे जड जाईल, क्रिकेटची सवय!

सामान म्हणजे चार नंबरचे बॉल, प्रत्येकी एक. 24 चपट्या कोन, दोन रंगांच्या जाळीदार बनियन्या, पंप आणि दोन जादा सुया. सुई घालण्याआधी ओली करा, कोरडी खुपसली की व्हॉल्व्हचं रबर फाटतं. हवा किती भरायची ते व्हॉल्व्हशेजारी छापलेलं असतं. दगडासारखा फुगवलेला बॉल मुलं अंगठ्याने ढोसतात, कारण आतल्या बाजूने मारला तर दुखतं. शिनगार्ड (नडगीवरची ढाल) मोज्यांच्या आत.

मैदानातले हलवता येणारे गोल मात्र आधी हाताने ढकलून बघा. वाळूच्या पिशव्या किंवा खुंट्यांनी मागची पट्टी जखडलेली नसेल तर तो गोल वापरू नका, आडव्या दांड्याला कोणालाही लोंबकळू देऊ नका. असे गोल अंगावर उलटून मुलं दगावली आहेत. त्या दिवशी दोन कोन ठेवून खेळवा.