ऑनलाइन फसवणुकीत पैसे जाऊन महिना उलटून गेला, आता तक्रार करून काय होणार?

हा प्रश्न माझ्याकडं हल्ली फार येतो. विचारणारा पैशाबद्दल विचारतो पण थोडं बोललं की कळतं, आत लाज बसलेली असते. एक केस सांगते, काकांना विचारून लिहितेय आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

काका ६८ वर्षांचे, जन्मभर हिशोबाचं काम केलेला माणूस. मुलगी घेऊन आली, म्हणाली मॅडम बाबा जेवत नाहीत, फोन वाजला की दचकतात, आईशी पण धड बोलत नाहीत, डिप्रेशन आहे का बघा. अर्धा तास काका गप्पच. मग मुलीला बाहेर बसायला सांगितलं तेव्हा खाली बघत म्हणाले, अकरा लाख गेले, घरात कुणाला माहीत नाही.

व्हिडिओ कॉल आला होता. समोर वर्दीतला माणूस, मागं पोलीस ठाण्यासारखा सेट, तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून मनी लाँडरिंग झालंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेरा बंद करायचा नाही. दोन दिवस काका बेडरूममध्ये फोनसमोर, काकूंना सांगितलं ऑफिसच्या जुन्या फाइलचं काम आहे. मग 'चौकशीपुरते सरकारी खात्यात ठेवा, क्लीन निघालात की परत' म्हणून एफडी मोडून बँकेतून आरटीजीएसनं पैसे पाठवले. बँकेतल्या मुलीनं विचारलं सुद्धा, काका एवढी रक्कम कशाला, तर शिकवलेलं उत्तर दिलं, घराच्या बुकिंगसाठी.

आणि डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काही नाही हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये रेडिओवर सांगितलं होतं ते काकांनी ऐकलेलं होतं बरं का! म्हणून मी माहितीवर फार भरवसा ठेवत नाही, भीती बसली की ऐकलेलं आठवत नाही. एकच खूण धरून ठेवा असं मी सांगते, समोरचा म्हणाला 'कुणाला सांगू नका' की फोन ठेवायचा आणि पहिल्यांदा घरातल्या माणसाला सांगायचं. खरे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि तपासासाठी पैसे ट्रान्सफर करायला तर कुणीच सांगत नाही.

कॉल संपून नऊ दिवस झाले होते तरी काका त्या वर्दीवाल्याचा 'कुणाला सांगू नका' हाच हुकूम पाळत बसले होते. त्यात आदल्या दिवशी दुसरा फोन, सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, प्रोसेसिंग फी ४५ हजार भरा. काका भरणार होते! गेलेले पैसे काढून देतो, आधी फी द्या म्हणणारा माणूस त्याच टोळीतला किंवा त्यांच्याकडून नंबर घेतलेला असतो, सरकारी तक्रारीला एक रुपया लागत नाही.

मग मुलीला आत बोलावलं. काकांनी स्वतःच सांगितलं, रडले, ती पण रडली, पण बाबांना एक शब्द बोलली नाही, मला तिचं फार कौतुक वाटलं. तिथूनच १९३० लावला, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, यूटीआर नंबर (बँकेच्या व्यवहाराचा नंबर), तारीख, रक्कम दिली, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार पूर्ण केली, स्क्रीनशॉट आणि नंबर काही डिलीट केलं नव्हतं ते बरं झालं, मग बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घेतली आणि पोलीस ठाणं.

हे पैसे एका खात्यात राहत नाहीत, भाड्यानं घेतलेल्या खात्यांमधून काही तासांत पुढं सरकतात. तक्रार गेली की वाटेतल्या बँकांना कळतं आणि ज्या खात्यात काही उरलं असेल तिथं होल्ड लागतो. म्हणून पहिल्या तासाला किंमत. काकांचे नऊ दिवस गेलेले, तरी एका खात्यात १ लाख ८० हजार अडकलेले सापडले. ते पण आपोआप येत नाहीत, पोलिसांचा रिपोर्ट आणि कोर्टाचा आदेश लागतो, काकांना सात महिने लागले. बँकेकडून भरपाई मागितली पण पैसे स्वतःच पाठवलेले असले की ते अवघड जातं. तरी लेखी तक्रार करायचीच, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं.

बाकीचे नऊ लाखांच्या वर गेलेच, खोटा धीर मी दिला नाही. पण घरी सांगितलं त्या रात्री काका जेवले, काकूंनी फक्त एवढंच विचारलं म्हणे, दोन दिवस त्या खोलीत तुम्ही एकटे काय केलंत हो.

तुमचा महिना झाला असेल तरी आज १९३० लावा, आणि लावताना घरातलं कुणीतरी शेजारी बसवा.