‘शाश्वत’ आणि ‘शाश्वती’

‘शाश्वत’ म्हणजे कधीही नष्ट न होणारे, तर मग ‘पावसाची शाश्वती नाही’ या वाक्यातील ‘शाश्वती’ त्याच शब्दापासून आली आहे का, असा प्रश्न विचारला गेला आहे.

दोन्हींचे मूळ एकच आहे. संस्कृतातील ‘शश्वत्’ या अव्ययाचा अर्थ पुनःपुन्हा, सदैव असा असून त्यावरून ‘शाश्वत’ हे विशेषण तयार झाले. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्म्याला ‘अजो नित्यः शाश्वतोऽयं पुराणो’ असे म्हटले आहे, ते याच अर्थाने. ‘शाश्वती’ हे संस्कृतात या विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप आहे. ‘मा निषाद’ या प्रसिद्ध श्लोकातील ‘शाश्वतीः समाः’ म्हणजे अनंत वर्षे.

मराठीने मात्र या रूपाचे नाम केले आणि त्याला भरवसा, निश्चिती असा रोजच्या व्यवहारातला अर्थ दिला. जे कायम टिकते त्याच्यावर विसंबता येते, हा त्यामागचा दुवा असावा. गंमत अशी की, हे नाम बहुधा नकारातच भेटते: ‘संध्याकाळच्या एसटीची काही शाश्वती नाही’, ‘कोरडवाहू जमिनीत पिकाची शाश्वती कुठली?’ ‘खात्री’ आणि ‘हमी’ यांच्याहून ते वेगळे आहे. खात्री माणसाच्या मनात असते, म्हणून ‘माझी खात्री आहे’ असे आपण म्हणतो. ‘माझी शाश्वती आहे’ असे कोणी म्हणत नाही. हमी कोणीतरी घेतो आणि ती पाळली नाही तर त्याला जाब विचारता येतो. शाश्वती त्या गोष्टीचीच असते किंवा नसते. न आलेल्या पावसाला जाब कोण विचारणार?

हा मराठी अर्थ आता विशेषणातही उतरलेला दिसतो. ‘शाश्वत सिंचन’ म्हणजे अनंत काळ चालणारे सिंचन नव्हे, तर ऐन गरजेला पाणी नक्की मिळेल अशी सोय. ‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग मला एरवी थोडा ताणलेला वाटतो (संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या 17 ‘शाश्वत विकास ध्येयां’ना 2030 ची मुदत आहे!), पण ‘पुढच्या पिढ्यांनाही ज्याची शाश्वती आहे असा विकास’ असा अर्थ लावला, तर तो खटकत नाही.

‘शाश्वत सिंचन’, ‘शाश्वत विकास’ यांत ‘शाश्वत’ऐवजी ‘चिरंतन’ म्हणावे, तर ते चालणार नाही. ‘चिर’ म्हणजे मुळात दीर्घकाळ, आणि लग्नपत्रिकेतला ‘चिरंजीव’ही दीर्घायुषीच असतो, अमर नव्हे, शिवाय ‘चिरंतन मूल्ये’, ‘चिरंतन सत्य’ अशा अमूर्त गोष्टींशीच तो शब्द जुळतो, विहिरीच्या पाण्याशी नाही.