मेल्याचं सोंग घेणारा लिव्हिंगस्टोनी

प्रश्न : टाकीतला लिव्हिंगस्टोनी (सिक्लिड कुळातला मासा) अधूनमधून वाळूवर आडवा पडतो. आजारी असेल का? कोणतं औषध टाकू?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : औषधाची बाटली तूर्त बाजूला ठेवा. हा मासा आफ्रिकेतल्या मालावी सरोवराचा. तिथे वाळूच्या तळावर, व्हॅलिस्नेरिया या पाणगवताच्या आसपास तो शिकार करतो. तळावर आडवा पडला की पांढुरक्या अंगावरचे तपकिरी डाग सडत चाललेल्या माशासारखे दिसतात. लचका तोडायला लहान मासे जवळ आले, की हा झटक्यात गिळतो. घरच्या टाकीत हे सोंग क्वचितच बघायला मिळतं.

तरी खात्री करून घ्या. शिकारीला पडलेल्या माशाचे कल्ले संथ हलतात, डोळा फिरत असतो आणि काचेजवळ हात नेला की तो उठतो. कल्ले भराभर हलत असतील, पर अंगाला मिटलेले असतील, खाणं सुटलं असेल किंवा पोट फुगून विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी येत असेल, तर आजार समजा. अशा वेळीसुद्धा आधी पाण्यातला अमोनिया (माशाची घाण आणि उरलेलं खाणं यांतून तयार होणारं विष) तपासायचा, औषध नंतर. चिकन-मटणाचे तुकडे घालत असाल तर थांबवा, या माशाला ते पचत नाहीत. माशांच्या खाद्याचे दाणे आणि सोललेली कोळंबी पुरे.

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ९०० आहे. लिव्हिंगस्टोनीसाठी आरओ बसवावा का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नको. मालावीच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) साधारण ७.७ ते ८.६ असतो. आरओच्या पाण्यात क्षार उरत नाहीत, त्यामुळे पीएच टिकत नाही आणि घसरतो. टीडीएसच्या आकड्यावरून पाण्यात चुना किती आणि मीठ किती हे कळत नाही, म्हणून केएच (कार्बोनेटचं माप) आणि जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) तपासा. उसाच्या पट्ट्यात खतांमुळे बोअरला नायट्रेट असू शकतं, तेही बघा. ते लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर क्लोरीन काढलेलं नळाचं पाणी मिसळा.

खरा धोका वेगळाच आहे. २८ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम एक टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८.२ झाला की तेच प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात जातं. म्हणून नवी टाकी चार ते सहा आठवडे फिल्टर चालवून, रोज किंचित अमोनिया देऊन पिकवा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरात वाढू द्या. अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मगच मासा सोडा. पुढे दर आठवड्याला तीस टक्के पाणी बदला. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांपुढे गेलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, तेव्हा खाणं निम्म्यावर आणा. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअरपंप हवाच.

प्रश्न : लिव्हिंगस्टोनीने सगळे गप्पी मासे खाल्ले. आता त्याला नदीत सोडू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : मुळीच नाही. तोंडात मावेल ते तो खाणारच, आणि वाढतो पंचवीस सेंटिमीटरपर्यंत. आपली चिलापीही (तिलापिया) याच सिक्लिड कुळातली, आफ्रिकेचीच. १९५२ मध्ये भारतात आणली, ती आता कृष्णेतून काढता येत नाही. मासा दुकानात परत द्या, नाहीतर सहा फुटी टाकी असलेल्या एखाद्या शौकिनाला.