माळ्यावरच्या कॅसेट्सचं काय करायचं?

प्रश्न : माळ्यावर शंभरेक कॅसेट्स आणि खोकंभर ऑडिओ सीडी आहेत. फ्लॅटमध्ये जायचंय. सगळ्यांच्या फायली करून खोकी भंगारात द्यावीत का? टेप चालतो, पण आवाज दबका येतो.
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : सगळ्यांच्या नकोत. ६० मिनिटांची कॅसेट उतरवायला ६० मिनिटंच लागतात. विकत आणलेली गाणी ऑनलाइन सापडली, तर ती कॅसेट खुशाल काढून टाका. आजीच्या ओव्या, बारसं, वाड्यातला गणेशोत्सव असं घरी रेकॉर्ड केलेलं आधी घ्या. चुकून पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे तुकडे तोडा.

दबका आवाज बहुधा मळलेल्या हेडमुळे, म्हणजे रिळाला टेकून आवाज वाचणाऱ्या भागामुळे येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या इअरबडने हेड पुसा; रबरी चाकाला मात्र पाण्याचं ओलसर फडकं, अल्कोहोलने रबर कडक होतं. तरी ‘स’, ‘श’ बोथटच वाटले, तर हेडशेजारचा स्प्रिंगवाला बारीक स्क्रू कॅसेट चालू असताना अगदी किंचित फिरवा आणि आवाज सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबा. कॅसेट भरली त्या टेपच्या हेडचा कोन वेगळा असू शकतो, त्यामुळे पुढच्या कॅसेटला पुन्हा कान लावावा लागेल.

माळ्यावर पावसाळे काढलेल्या रिळावर पांढरी भुकटी दिसली, तर ती कॅसेट लावूच नका. बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका, आवाज फाटतो. लाइन-इन (टेपमधून येणारा आवाज घेणारं भोक) असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या मोफत प्रोग्रॅममध्ये ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट ठेवा. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. घूं असा आवाज आला, तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. तासाची वेव्ह फाइल सुमारे ६०० एमबी होते. फ्लॅक या फाइल-प्रकारात ती बरीच लहान होते, गुणवत्ता तीच राहते.

सीडीचं काम मिनिटांचं. ‘एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा सीडीवरून फायली करणारा प्रोग्रॅम ओरखड्याची जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतो.

प्रश्न : फायली पेनड्राइव्हवर ठेवल्या तर चालेल?
– एक वाचक, मांजलपूर, बडोदा

उत्तर : एकट्या पेनड्राइव्हवर नको. एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी क्लाउडवर, तिसरी दुसऱ्या घरी. घरगुती कॅसेट्स तरीही टाकू नका. बुटांच्या एका खोक्यात मावतील तेवढ्याच उरतात.